अंघोळीचे पाणी आणि बाथरूममधली ज्योत

नाशिककरांना आपल्या थंडीचे कौतुक असते. निफाडचा पारा किती उतरला, हे डिसेंबर-जानेवारीत रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर वाचले जाते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तिथे पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. थंडी घरात शिरते ती मात्र नळावाटे. गच्चीवरच्या काळ्या टाकीत रात्रभर निवलेले पाणी पहाटे हाताला चावते. मग शाळेची रिक्षा, कंपनीची पहिली पाळी आणि देवपूजा या सगळ्यांच्या आधी एकच प्रश्न असतो: पाणी तापले का?

या प्रश्नाला नाशिकने वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे दिली. वाड्यांत तांब्याचा बंब होता. खेडोपाडी आजही तीन दगडांच्या चुलीवर मोठे पातेले चढते. नंतर रॉकेलचा स्टोव्ह, बादलीत सोडायचा रॉड, विजेचा गीझर, गच्चीवरचे सौर पाणीतापक आणि गॅस गीझर आले. आता नव्या बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या गच्चीवर, एसीच्या बाहेरच्या युनिटसारखा पंखा आणि शेजारी उंच पांढरी टाकी, असे आणखी एक यंत्र दिसू लागले आहे. त्याचे नाव हीट पंप वॉटर हीटर. हॉटेले, वसतिगृहे आणि रुग्णालये यांच्या गच्च्यांवर ते आधी आले, घरगुती ग्राहक आता त्याची चौकशी करू लागले आहेत.

चौकशी बहुधा वीजबिलाची असते. किती युनिट वाचतील, किती वर्षांत पैसे फिटतील, सबसिडी आहे का, असे प्रश्न विचारले जातात. ते रास्तच आहेत. पण दवाखान्याच्या बाजूने पाहिले तर पाणी तापवण्याच्या साधनाला पहिला प्रश्न वेगळा विचारावा लागतो. इथे काही जळते का, आणि जळत असेल तर कुठे? हीट पंपाचे आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे महत्त्व या प्रश्नाच्या उत्तरात आहे. त्यात काहीच जळत नाही.

गॅस गीझर इतका का पसरला, हे समजणे कठीण नाही. तो काही हजारांत येतो. टाकी लागत नाही, तोटी फिरवली की गरम पाणी सुरू. भाड्याच्या घरात विजेचे जुने वायरिंग मोठ्या गीझरचा भार पेलत नाही, पण सिलिंडर घरात असतोच. आता अनेक वसाहतींत पाइपगॅसही पोहोचला आहे. शिवाय तो बाथरूममध्येच टांगला की पाइप ओढायला नको, भिंत फोडायला नको, घरमालकाची परवानगी नको. धोका नेमका या शेवटच्या सोयीत आहे.

हिशेब करून पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गॅस गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला पाऊण ते एक किलो एलपीजी जाळतो. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीला साधारण दीडशे ग्रॅम. एवढा गॅस नीट जळायला सुमारे दोन घनमीटर हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच बाथरूममध्ये सगळी मिळून साडेपाच घनमीटरही हवा नसते. थंडी वाजते म्हणून झडपा बंद, दाराच्या फटीला पायपुसणे लावलेले. पहिल्या माणसाची अंघोळ बहुधा निभावते. दुसऱ्याच्या वेळी हवेतला ऑक्सिजन उतरू लागलेला असतो. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत गॅसचे पूर्ण ज्वलन करू शकत नाही, आणि कार्बन डायऑक्साइडच्या जोडीने कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. जो शेवटी अंघोळीला जातो, किंवा अंघोळीबरोबर कपडे धुऊन केस धुणारी जी व्यक्ती तिथे सर्वांत जास्त वेळ थांबते, तिच्या वाट्याला सर्वांत वाईट हवा येते. बहुतेक घरांत ती व्यक्ती कोण असते, हे सांगायला नको.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो डोळ्यांत चुरचुरत नाही, खोकला आणत नाही. घरातल्या गॅसला जो उग्र वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त द्रव्याचा असतो आणि ज्योतीत ते द्रव्य जळून जाते. त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे गळती नाही, म्हणजे धोका नाही’ हा समज जीवघेणा ठरतो. गळती नसतानाही, नवा कोरा गीझर व्यवस्थित चालू असतानाही, बंद खोलीत हा वायू साठू शकतो. पाइपगॅस एलपीजीपेक्षा हलका असल्याने गळतीच्या बाबतीत काहीसा सुरक्षित मानला जातो. ज्वलनाच्या बाबतीत मात्र त्याला ही सवलत नाही. अपुऱ्या हवेत तोही हाच वायू देतो.

शरीरात गेल्यावर हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० ते २५० पट घट्ट चिकटतो. ऑक्सिजन वाहून नेणारी गाडीच अडवली जाते, आणि जो थोडा ऑक्सिजन उरतो तोही पेशींना सहज सोडला जात नाही. आधी डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते. गरम पाण्याच्या वाफेत चक्कर आली असेल, उपाशीपोटी अंघोळ केली म्हणून असेल, असे माणसाला वाटते. दाराची कडी काढायला हात उचलावा लागतो, आणि नेमका तो उचलला जात नाही. अनेक घटनांत दार फोडूनच माणसाला बाहेर काढावे लागते. मार्च २०२३ मध्ये होळीच्या सुमारास मुंबईत घाटकोपरला एक दांपत्य बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडले, तेव्हा संशय गॅस गीझरवरच होता. रंग खेळून आल्यावर अंघोळ लांबते हे लक्षात घ्यायला हवे. नाशिकमध्येही अशा मृत्यूंच्या बातम्या हिवाळ्यात येऊन गेल्या आहेत. दोन दिवस हळहळ होते आणि विषय मागे पडतो.

मृत्यूची निदान बातमी तरी होते. जे वाचतात त्यांचे निदान अनेकदा चुकते, आणि ही या विषयाची कमी बोलली गेलेली बाजू आहे. बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेला, झटके आलेला तरुण मुलगा मिरगीचा रुग्ण समजला जातो आणि वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या खातो. साठीतल्या गृहस्थांचे हृदय तपासले जाते, गर्भवतीला रक्तदाब कमी झाल्याचे सांगितले जाते. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत या सगळ्याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे. फिट फक्त बाथरूममध्ये, फक्त अंघोळीच्या वेळी आणि मुख्यतः थंडीत येत असेल, तर औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी पाणी कशावर तापते हे विचारायला हवे. दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकात, डोक्यावर गरम पाणी ओतल्याने येणाऱ्या फिटचा एक वेगळा आजारही आहे. त्यामुळे हा प्रश्न आणखीच महत्त्वाचा.

फसवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे करोनाकाळापासून घरोघरी आलेले बोटावरचे ऑक्सिमीटर. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले लालभडक रक्त आणि ऑक्सिजन असलेले रक्त यांतला फरक त्या साध्या यंत्राला कळत नाही. आकडा ९८ किंवा ९९ दिसतो आणि नातेवाईक निर्धास्त होतात. खरे प्रमाण कळायला रक्ताची वेगळी तपासणी लागते, कार्बोक्सिहिमोग्लोबिनची. ती उपलब्ध होईपर्यंत संशयावरच उपचार सुरू करायचे असतात, आणि उपचार म्हणजे मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. म्हणून दार उघडून, गॅस बंद करून माणसाला मोकळ्या हवेत ओढत आणायचे, श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करायचे, १०८ ला फोन करायचा आणि ‘बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता’ हे वाक्य डॉक्टरांना न विसरता सांगायचे. माणूस शुद्धीवर आला म्हणून प्रकरण संपत नाही. काही रुग्णांत दोन-चार दिवसांनी, कधी तीन-चार आठवड्यांनी विसराळूपणा, चिडचिड, चालण्यातला अडखळतेपणा दिसू लागतो. तोवर घरचे त्या सकाळची घटना विसरलेले असतात.

गॅस गीझरचे एवढे पाढे वाचल्यावर बंब आणि चूल यांना मोकळे सोडणे बरोबर नाही. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली आणि स्वयंपाक मोठ्या प्रमाणात गॅसवर गेला. पण सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून अंघोळीचे पाणी अंगणातल्या चुलीवर तापवणारी घरे नाशिक, दिंडोरी, पेठ, सुरगाणा पट्ट्यात अजून भरपूर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यात पाण्याच्या चुलीचा वाटा वेगळा मोजलेला नाही, पण फुप्फुसाला धूर भाजीच्या पातेल्याखालचा की पाण्याच्या हंड्याखालचा, हे कळत नाही.

आता हीट पंपाकडे. त्यात नवे तत्त्व काही नाही. घरातल्या फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावला तर कोमट लागतो. आत ठेवलेल्या दुधा-भाजीतली उष्णता काढून फ्रिज ती बाहेर टाकत असतो, तीच ही ऊब. हीट पंप हेच काम उलट्या हेतूने करतो. बाहेरच्या हवेतली उष्णता तो शोषतो आणि टाकीतल्या पाण्यात नेऊन सोडतो. यासाठी नळ्यांमधून एक असे द्रव्य फिरवले जाते जे थंड हवेतही उकळून वायू होते. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो, दाबल्याने तो बराच तापतो, आणि ती उष्णता पाण्याला देऊन तो पुन्हा द्रव होतो. अशी यंत्रणा इमारती उबदार ठेवायला वापरता येईल, हे लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच सुचवले होते.

विजेचा गीझर एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता देतो, त्याहून जास्त देणे त्याला शक्य नाही. हीट पंप वीज जाळून उष्णता बनवत नाही. तो वीज खर्च करून उष्णता वाहून आणतो, म्हणून एका युनिटमागे तीन, अनुकूल हवेत चार युनिट उष्णता मिळते. ‘एकाचे तीन’ ऐकून विक्रेता थापा मारतो असे वाटते, पण उरलेले दोन भाग हवेतून आलेले असतात. हवा जितकी उबदार तितके हे काम सोपे. नाशिकसाठी ही बाब फार सोयीची आहे. डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास किंवा खाली असतो, पण त्याच दिवशी दुपारी तो २८ अंशांपर्यंत चढतो. यंत्र दुपारी चालवायचे आणि टाकीत साठलेले पाणी दुसऱ्या दिवशी पहाटे वापरायचे. ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर आहे त्या घरगुती ग्राहकांना महावितरण सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर दरात सवलत देते. छतावर सौरवीज असेल, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेनंतर ती अनेकांकडे आली आहे, तर दुपारची वीज घरचीच. घड्याळाचे एक बटण दाबून ठेवले की झाले. पण बरेच जण पहाटे पाचला, म्हणजे सगळ्यात थंड हवेत, यंत्र सुरू करतात आणि मग ‘एवढे काही वाचत नाही’ म्हणतात.

वाचते किती, याचा हिशेब विक्रेत्याच्या कागदावर सोडू नये. एक बादली म्हणजे वीस लिटर पाणी वीस अंशांवरून चाळीस अंशांवर न्यायला साधारण अर्धे युनिट लागते. चार जणांच्या बादलीच्या अंघोळीला दोन युनिटच्या आत-बाहेर. हीट पंपाने ते पाऊण युनिटच्या आत येईल, म्हणजे दिवसाला सव्वा युनिटची बचत. युनिटमागे दहा रुपये धरले तर बारा-साडेबारा रुपये, आणि वर्षातले आठ महिने गरम पाणी धरले तर तीन हजारांच्या आसपास. यंत्र मात्र टाकीच्या आकारानुसार लाखाच्या आगेमागे किंवा त्याहून वर जाते. मोठ्या टाकीतून रात्रभरात थोडी उष्णता झिरपते ती वेगळीच. थोडक्यात, बादलीने अंघोळ करणाऱ्या चौकोनी कुटुंबाने केवळ बिलासाठी हीट पंप घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. हे स्पष्ट सांगितले जात नाही. तेच कुटुंब रोज दहा-दहा मिनिटे शॉवरखाली उभे राहत असेल तर पाणी तीनशे लिटरच्या वर जाते, साध्या गीझरला सात युनिट लागतात, आणि बचत रोज पाच युनिटवर पोहोचते. जिथे पाणी जास्त लागते, तिथे हे यंत्र आपली किंमत वसूल करते. मुलामुलींची वसतिगृहे, भक्तनिवास, बाळंतपणाचे वॉर्ड, वृद्धाश्रम आणि मोठ्या सोसायट्या अशी ही ठिकाणे आहेत.

बचतीला एक सार्वजनिक बाजूही आहे. नाशिकच्या वेशीवर एकलहऱ्याचे ६३० मेगावॉटचे औष्णिक केंद्र कोळशावर चालते. सकाळच्या सहा ते नऊ या वेळेत शहरातले हजारो गीझर एकदम सुरू होतात, तेव्हा तो भार कुठल्या ना कुठल्या कोळसा जाळणाऱ्या केंद्रावर पडतो. तिथल्या चिमणीचा धूर आणि राख कोणाच्या तरी श्वासातच जाते.

सौर पाणीतापकाशी तुलना होणे साहजिक आहे. गच्चीवर जागा, वरचा मजला आणि स्वच्छ ऊन असेल तर सौरला तोड नाही, त्याला रोजची वीजही लागत नाही. पण सात मजली इमारतीत खालच्या मजल्यापर्यंत गरम पाणी पोहोचेस्तोवर दोन बादल्या थंड पाणी वाहून जाते, पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसते, आणि बोअरचे जड पाणी नळ्यांत क्षार साठवते. हीट पंप सावलीत, रात्री आणि पावसातही चालतो. क्षारांचा त्रास मात्र त्यालाही आहे. बोअरच्या पाण्यावर बसवताना टाकीची वार्षिक साफसफाई गृहीत धरायलाच हवी.

आता त्याच्या आरोग्याशी संबंधित अडचणी. त्या गॅस गीझरइतक्या भयंकर नाहीत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

पहिली अडचण तापमानाची आहे, आणि इथे दोन धोके एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात. टाकीतले पाणी जितके कमी तापवावे तितकी वीज वाचते, म्हणून यंत्रावर ४५ अंशांची काटकसरीची सोय दिलेली असते. पण २० ते ४५ अंशांच्या कोमट, साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची साथ आली आणि तेव्हा हा जिवाणू प्रथम ओळखला गेला. तो पाणी प्यायल्याने बाधत नाही. शॉवरच्या बारीक तुषारांतून श्वासात गेला तर वृद्ध, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांना न्यूमोनिया होऊ शकतो. आपल्याकडे त्याची तपासणीच क्वचित होते. टाकीतले पाणी ६० अंशांवर ठेवले तर तो जगत नाही. रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदा टाकी ६० अंशांपर्यंत नेण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, ती बंद करू नये. सुट्टीवरून दहा-पंधरा दिवसांनी परतल्यावर तर आधी टाकी पूर्ण तापवावी, मग शॉवर सुरू करावा.

पण ६० अंशांचे पाणी नळातून थेट अंगावर आले तर प्रौढ माणसाची त्वचाही पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजते, लहान मुलाची त्याहून लवकर. ४९ अंशांना त्याच भाजण्यासाठी काही मिनिटे लागतात. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्या आजोबांना पाणी किती तापले हे पायाने कळत नाही, आणि चटका कळेपर्यंत कातडी गेलेली असते. उत्तर सोपे आहे. टाकीत ६० अंश ठेवायचे आणि बाथरूमकडे जाणाऱ्या नळीवर थंड पाणी आपोआप मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवायचा. यंत्रावर लाख रुपये खर्चणारे हा तुलनेने स्वस्त व्हॉल्व्ह वगळतात. आणि कोणत्याही व्हॉल्व्हवर विसंबून लहान मुलाला नळाखाली बसवू नये. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, आणि कोपराने अंदाज, ही आजीची रीत अजूनही सर्वांत खात्रीची.

दुसरी अडचण आवाजाची. याचा सर्वांत मोठा अनुभव जपानचा. तिथे २००१ मध्ये घरगुती हीट पंप बाजारात आले आणि २०२० पर्यंत त्यांची संख्या ७० लाखांवर गेली. रात्रीची वीज स्वस्त म्हणून ही यंत्रे रात्री चालत, आणि दाटीवाटीच्या वस्तीत शेजाऱ्याच्या खिडकीखाली ती घुमत. झोप न लागणे, डोके दुखणे, चक्कर अशा तक्रारी इतक्या आल्या की तिथल्या सरकारच्या ग्राहक सुरक्षा तपास आयोगाने २०१४ मध्ये त्यावर अहवाल दिला आणि यंत्र कुठे बसवावे याकडे लक्ष वेधले. आपल्याकडे दोन बंगल्यांमधले अंतर कधी कधी हातभरच असते. यंत्र गच्चीवर, रबराच्या पायावर, कोणाच्याही झोपण्याच्या खोलीपासून दूर बसवले आणि दुपारी चालवले तर हा प्रश्न उद्भवत नाही. त्याच्या पंख्यातून थंड हवा बाहेर पडते आणि पाणीही ठिबकते, म्हणून आजारी माणसाच्या खोलीला लागून असलेली बाल्कनी ही त्याची जागा नव्हे.

राहिली वीज. हीट पंप असो वा गीझर, चांगले अर्थिंग आणि गळतीचा करंट ओळखून लगेच वीज तोडणारा आरसीसीबी हवाच. बादलीतला रॉड तर या सगळ्यांत बेभरवशाचा. तो चालू असताना पाण्यात बोट घालून पाहण्याची सवय किती जणांना महागात पडली आहे!

आता मूळ प्रश्नाकडे यावे लागते. हीट पंप ज्यांच्या घरी येतो आहे, त्यांच्या घरी बहुधा आधीही गच्चीवर सौर किंवा बाथरूममध्ये चांगला विजेचा गीझर होता. बंद बाथरूममध्ये गॅसची ज्योत आहे ती सातपूर-अंबडच्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांत, शिकायला आलेल्या मुलांच्या एका खोलीत, सिडकोतल्या जुन्या छोट्या घरांत. लाखाचे यंत्र तिथे लवकर पोहोचणार नाही. घरमालक पैसे घालणार नाही कारण बिल भाडेकरू भरतो, आणि भाडेकरू घालणार नाही कारण अकरा महिन्यांनी त्याला खोली बदलायची असते. सबसिडी वैयक्तिक बंगल्यांऐवजी वसतिगृहांना आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या सामाईक यंत्रणेला दिली तर पैसा जिथे पाणी जास्त आणि धोका जास्त तिथे जाईल. राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत नव्या मोठ्या इमारतींसाठी सौर पाणीतापक किंवा सौरविजेची तरतूद आधीपासून आहे. सामाईक हीट पंपाला त्याच रांगेत बसवता येईल.

तोपर्यंतचा उपाय हीट पंपाहून फारच स्वस्त आहे. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर काढायचा. गच्चीवर, उघड्या बाल्कनीत किंवा हवेशीर मोरीच्या बाहेरच्या भिंतीवर तो टांगायचा आणि फक्त गरम पाण्याची नळी भिंतीतून आत घ्यायची. चार-सहा फूट पाइप, भिंतीला एक भोक आणि प्लंबरची अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढाच हा खर्च. गीझर बंदिस्त बाथरूममध्ये लावू नये, अशी सूचना उत्पादकाच्या माहितीपत्रकातही असते, पण ते पत्रक खोक्याबरोबर भंगारात जाते. अगदीच बाहेर नेता येत नसेल तर दार उघडे ठेवून दोन बादल्या भरून घ्यायच्या, गीझर बंद करायचा, आणि मगच आत जाऊन कडी लावायची. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निश्चिंत राहू नये. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर तो फॅन गीझरच्या धुराड्यातला वायू उलटा खोलीत ओढू शकतो.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे, ऐन पावसाळ्यात. तोवर पंचवटी, तपोवन, त्र्यंबक रस्ता इथे लॉज, होमस्टे आणि भाड्याच्या खोल्या वाढणार, आणि घाईघाईत पाणी तापवायला सर्वांत स्वस्त साधन बाथरूमच्या भिंतीवर टांगले जाणार. पावसामुळे खिडक्या बंद, एका खोलीत आठ-दहा भाविक, पहाटे एकामागून एक अंघोळी. निवासाच्या जागांना परवाना देताना महापालिका आणि जिल्हा प्रशासन अग्निशमनाची तपासणी करतातच. त्याच अर्जात ‘पाणी तापवण्याचे साधन कोणते आणि ते बाथरूमच्या आत आहे की बाहेर’ हा एक रकाना वाढवायला वेगळा कायदा लागणार नाही.